उपासमार एकच, कारणे दोन: ॲनोरेक्सिया आणि जेंडर डिस्फोरिया

ॲनोरेक्सिया म्हणजे वजन वाढण्याची तीव्र भीती, त्यापायी खाण्यावर कडक निर्बंध आणि हाडे दिसू लागली तरी आपण जाडच आहोत अशी खात्री. एवढे बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे त्यावर जागा खर्च करत नाही. वजनाची कसलीही चिंता नसताना अन्न टाळण्याचाही एक निराळा विकार आहे. तोही बाजूला ठेवू. घोळ होतो तो पारलिंगी (ट्रान्स) व्यक्तीने, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा जिची लिंगओळख वेगळी आहे अशा व्यक्तीने, जेवण टाळायला सुरुवात केल्यावर. एक पक्ष म्हणतो, ‘हा ॲनोरेक्सियाच, लिंगओळखीचे नंतर पाहू.’ दुसरा म्हणतो, ‘हा जेंडर डिस्फोरिया, म्हणजे शरीर लिंगओळखीशी जुळत नसल्याचा त्रास; हॉर्मोनचे उपचार सुरू झाले की खाणे आपोआप सुधारेल.’ दोन्ही निकाल इतक्या ठामपणे दिले जातात की चीड येते.

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: ताट बाजूला सारले जाते, आरसा टाळला जातो, कपडे ढगळ होत जातात. मात्र ॲनोरेक्सियात स्वतःच्या शरीराचे आकलनच बिघडलेले असते, तर डिस्फोरियात शरीर जसे आहे तसेच दिसते आणि तेच सोसवत नाही. सतरा वर्षांचा ट्रान्स मुलगा (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदलेला) रात्रीचे जेवण सोडतो तेव्हा त्याला बारीक व्हायचेच असते असे नाही. पाळी थांबावी, छातीचा नि नितंबांचा उभार कमी व्हावा, अनोळखी माणसाने आपल्याला मुलगी समजू नये, हे त्याला हवे असते. ट्रान्स स्त्री (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंदलेली) खाणे कमी करते ते अनेकदा खांद्या-दंडांचे स्नायू उतरावेत म्हणून. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न असा असावा: वजन वाढले, पण शरीर हवे तसे दिसू लागले, तर चालेल का? ट्रान्स पुरुष घेतात त्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनने स्नायू भरतात आणि बहुधा वजनही वाढते. काहींना ते हवेहवेसे वाटते, तर काहींची त्या कल्पनेनेच झोप उडते. दुसऱ्या प्रकारचे उत्तर आले, तर केवळ डिस्फोरियावर बोट ठेवून भागणार नाही.

दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात, आणि हे काही क्वचित घडणारे नाही. अमेरिकेतील सुमारे 2 लाख 89 हजार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मागील वर्षभरात खाण्याच्या विकाराचे निदान झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण पारलिंगी विद्यार्थ्यांत सर्वाधिक होते. शिवाय कारण कोणतेही असो, उपासमार एकदा जडली की ती स्वतःच्या नियमांनी चालते. मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा शरीराबद्दल कसलीही तक्रार नसलेली ही माणसे दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली आणि खिन्न व चिडचिडी झाली. त्यामुळे लिंगओळखीशी सुसंगत उपचारांनी शरीराबद्दलचे समाधान वाढते, हे खरे असले तरी उपाशी मेंदू आणि विरळ होत चाललेली हाडे त्या उपचारांची वाट पाहत थांबत नाहीत. दोन्ही उपचार एकाच वेळी, एकमेकांशी बोलणाऱ्या डॉक्टरांकडून व्हावेत, या मताला मी घट्ट धरून आहे.

सर्वांत जास्त खटकते ती पाळीची गोष्ट. पाळी बंद होणे ही ॲनोरेक्सियाच्या निदानाची अट डीएसएम-5 या अमेरिकी मनोविकार-निदानपुस्तिकेने 2013 मध्येच काढून टाकली, तरी पाळी परत येणे हे आजही बरे होण्याचे लक्षण म्हणून आनंदाने सांगितले जाते. ज्या मुलाने ती थांबावी म्हणूनच जेवण सोडले, त्याचे याबद्दल अभिनंदन करणे म्हणजे पुन्हा उपाशी राहण्याचे कारण त्याच्या हाती देणे होय. औषधांनी पाळी थांबवता येते, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगायला हवे. तितकाच अविचार लिंगओळखीशी सुसंगत अशा काही शस्त्रक्रियांपूर्वीच्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाच्या) अटीत दिसतो: ‘अमुक किलो कमी करून या’ असे सांगताना, ही व्यक्ती पूर्वी कधी उपाशी राहत होती का, हे अनेकदा विचारलेच जात नाही.