मद्यप्राशन करून वाहन चालवणे

मद्यप्राशन करून वाहन चालवणे : दारूचा अंमल असताना दुचाकी, मोटारगाडी, ट्रक किंवा इतर मोटार वाहन चालवणे अथवा चालवू पाहणे. बोलीत आणि पोलिसांच्या भाषेत याला ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ हेच नाव रुळले आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा घडतो. गाडी सरळ चालली होती, कोणाला धक्काही लागला नाही, हा बचाव इथे चालत नाही.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. भारतीय व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ३० मिलिलिटरच्या लहान पेगमधून सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांच्या सूत्राने हिशेब केला, तर ६५ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तातले प्रमाण त्याने २० मिलिग्रॅमच्या थोडे वर जाते. म्हणजे दुसरा लहान पेग लगेच घेतला की मर्यादा ओलांडली जाते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातले प्रमाण अधिक वाढते. ‘बिअरच तर घेतलीय’ हे वाक्य नाकाबंदीवर नेहमी ऐकू येते. पण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत चार लहान पेगांइतके अल्कोहोल असते.

दारू मेंदूवर चढते ती पाय लटपटू लागण्याच्या बऱ्याच आधी. समोरच्या गाडीचा वेग, बाजूने येणारा सायकलवाला, आरशातले दिवे या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष ठेवण्याची क्षमता कमी प्रमाणातही ढासळते. समोरून प्रखर दिवे आले की डोळे सावरायला वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर कापते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ती ८ मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला तेवढे अंतर पुरले असते. सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. आपल्याला किती चढली आहे हे ओळखणारी बुद्धीच आधी मंदावते. ‘मला चढत नाही’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत असतो असे नाही. त्याला खरोखर तसे वाटत असते. रोज पिणाऱ्याचा तोल सावरलेला दिसतो, बोलणे स्पष्ट असते, त्यामुळे सोबतचेही फसतात आणि किल्ली त्याच्याच हातात राहते.

उतरण्याचा वेग ठरलेला असतो. यकृत साधारणपणे ताशी १५ मिलिग्रॅम या गतीने रक्तातले प्रमाण कमी करते. व्यक्तीगणिक त्यात फरक पडतो, पण लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा उलटी यांनी ही गती वाढत नाही. कॉफीने झोप उडते, एवढेच. वर उल्लेखलेल्या ६५ किलोच्या माणसाने रात्री १२ च्या सुमारास १८० मिलिलिटरची क्वार्टर संपवली, तर रक्तातले प्रमाण १३० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. ते ३० च्या खाली यायला सहा-सात तास लागतात. पहाटे पाचला तो माणूस झोपून उठलेला, तोंड धुतलेला, अंगात ताजेपणा जाणवणारा आणि तरीही कायद्याच्या मर्यादेच्या वर असतो. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या, पहाटे निघणारी भाज्यांची वाहने, सहलीहून परतणारे मित्र यांच्यासाठी ही गोष्ट रात्रीच्या नाकाबंदीहून महत्त्वाची आहे आणि तिच्याविषयी फारच कमी बोलले जाते.

याच घड्याळावर पुरावाही अवलंबून असतो. श्वासातल्या अल्कोहोलवरून रक्तातले प्रमाण काढणारे यंत्र अमेरिकेत रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी १९५४ मध्ये तयार केले. आज पोलिसांकडे असतो तो ब्रेथ ॲनालायझर याच तत्त्वावर चालतो. मुंबईत वाहतूक पोलिसांनी २००७ पासून त्याचा वापर करून मोठी मोहीम उघडली. संशयिताला अटक झाली, तर कलम २०२ नुसार दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. नाहीतर त्याला सोडावे लागते. तोंडाला येणारा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेली बुबुळे एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असे ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका खटल्यात १९७१ मध्ये म्हटले होते. म्हणून रक्ताचा नमुना वेळेवर आणि प्रामाणिकपणे घेतला जाणे याला फार महत्त्व आहे. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी अल्पवयीन मुलाच्या मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला, तेव्हा रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. लोकांचा संताप अपघाताइतकाच या आरोपामुळे उसळला.

कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपये होता. कोणाचा जीव गेला तर प्रश्न अधिक गंभीर होतो : हा निष्काळजीपणा की सदोष मनुष्यवध? मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना मोटारीने चिरडले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून ती तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पिऊन गाडी चालवणाऱ्याला परिणामांची जाणीव असते, हे या निकालाने मान्य केले. विम्याच्या बाबतीत, चालक दारूच्या अमलाखाली होता हे सिद्ध झाल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळू शकते.

सरकारी आकड्यांवरून हा धोका किरकोळ वाटेल. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मेले; त्यांतले दारू व अमली पदार्थांच्या नावे नोंदले गेलेले मृत्यू अडीच टक्क्यांच्या आसपास होते, तर अतिवेगाच्या नावे सुमारे ७० टक्के. हे चित्र अपुरे आहे. जखमी चालकाचे रक्त प्रत्येक वेळी तपासले जात नाही, पळून गेलेला सापडेपर्यंत दारू उतरलेली असते आणि नोंदीत मुख्य कारण एकच लिहिले जाते. वेग वाढला तो दारूमुळे का, हे त्या रकान्यातून कळत नाही.

प्रतिबंधाचे जे उपाय चालतात, ते पिणाऱ्याच्या त्या क्षणीच्या निर्णयावर विसंबत नाहीत. गटारी, धूलिवंदन आणि थर्टी फर्स्टपुरती नव्हे, तर वर्षभर कुठेही लागू शकणारी नाकाबंदी हा त्यांतला सर्वांत परिणामकारक. जपानमध्ये २००६ साली फुकुओकातील अपघातात तीन लहान मुले मेल्यानंतर पुढच्या वर्षी कायदा कडक झाला. दारू देणारा, गाडी देणारा आणि सोबत बसणारा यांनाही शिक्षा लागू झाली. भारतातही कलम १८८ नुसार अशा गुन्ह्याला साहाय्य करणारा दोषी ठरतो. ते कलम फारसे कोणाला ठाऊक नाही. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीस सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मनाई केली, पण पुढच्याच वर्षी शहरी हद्दींना सूट मिळाली.

टॅक्सी बोलवा, हा सल्ला पुण्या-मुंबईत ठीक. तालुक्याच्या गावी शेवटची एसटी गेल्यावर टॅक्सी मिळत नाही आणि ढाब्यावरून घरी जायला मोटारसायकलच असते. तिथे बैठक सुरू होण्याआधीच न पिणारा चालक ठरवणे, किल्ल्या घरच्या माणसाकडे देणे किंवा मुक्कामाची सोय करणे हेच शक्य असते. पुन्हा पुन्हा पकडला जाणाऱ्याची गोष्ट निराळी. तो बहुधा व्यसनाधीन असतो आणि दंडाने त्याचे पिणे थांबत नाही. त्याला उपचार लागतात. अशा माणसाने दारू एकदम सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास होणे किंवा फिट येणे संभवते. म्हणून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत, एक थेंबही न घेतलेल्या त्या दिवसांतही, त्याने गाडी चालवू नये.