पिकअप खाली बसवताना शाफ्टच्या कोनाचे गणित

रोटाव्हेटर चालताना ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना एक आवाज नक्की आठवेल. शेताच्या टोकाला वळण्यासाठी चालक हायड्रॉलिकने रोटाव्हेटर उचलतो आणि पीटीओ (इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) बंद करायचा राहून गेला, तर ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडणारा शाफ्ट एकदम खडखडू लागतो. अवजार पुन्हा जमिनीला टेकले की आवाज विरतो. इंजिनाचा वेग तोच असतो आणि शाफ्टही तोच असतो. बदललेला असतो तो शाफ्टचा कोन. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या कानावरचा हा खडखडाट आणि जुनी पिकअप खाली बसवल्यावर सीटखालून येणारी थरथर यांचे मूळ एकच आहे.

ती थरथर मी पहिल्यांदा अनुभवली ती एका मित्राच्या गाडीत. १९५० च्या दशकातली, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली अमेरिकन पिकअप त्याने मोठ्या हौसेने उभी केली होती. गाडी जरा खाली बसलेली दिसावी म्हणून मागच्या शॅकलचे (पाट्याचे मागचे टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचे) ब्रॅकेट चेसिसवर चार इंच वर सरकवून घेतले. पाट्याचे पुढचे टोक जागेवर राहिले आणि मागचे चार इंच वर गेले, त्यामुळे मधल्या हाउजिंगच्या (मागच्या चाकांच्या आसाच्या पेटीच्या) ठिकाणी गाडी दोन इंच खाली आली. दिसायला गाडी देखणी झाली. मात्र अक्कलकोट रस्त्याला साठचा वेग गाठला की पायाखालचा पत्रा गुणगुणू लागे. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे गती नेणारा शाफ्ट दोनदा बॅलन्स करून आणला, तरी फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण दोष वजनात नव्हता.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना जो सांधा असतो, त्याला आपले मिस्त्री त्यातल्या अधिक चिन्हासारख्या तुकड्यावरून सरळ ‘क्रॉस’ म्हणतात. इटलीचा कार्दानो आणि इंग्लंडचा रॉबर्ट हूक या दोघांची नावे या सांध्याला चिकटली आहेत. फिरणारी गती वाकड्या वाटेने पुढे नेण्याचे काम तो चोख करतो; पण त्याची एक खोड आहे. एका बाजूने एकसारखी गती दिली, तरी दुसऱ्या बाजूला ती एकसारखी मिळत नाही. पान्याच्या संचातला वळणारा सॉकेट जॉइंट असेल तर हे घरीच पाहता येते. जॉइंट ३० अंशांत वाकवून धरावा, दोन्ही टोकांवर खडूची खूण करावी, क्रॉसची एक भुजा वाकाच्या पातळीत आणून तिथून सुरुवात करावी आणि एक टोक ४५ अंश फिरवावे. दुसरे टोक ४५ अंश फिरत नाही. ते सुमारे ४९ अंश तरी फिरते किंवा ४१ अंश तरी, आणि यांतले कोणते, हे भुजा कोणत्या टोकाची होती यावर ठरते. पुढे ९० अंशांवर दोन्ही टोके पुन्हा जुळतात. म्हणजे एका फेऱ्यात दुसरी बाजू दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. (सूर्यघड्याळाच्या तबकडीवर तासांच्या रेघा समान अंतरावर का नसतात, याचे सूत्रही याच घडणीचे आहे.)

उचललेल्या रोटाव्हेटरच्या ३० अंशांना हा चढउतार एकीकडे १५ आणि दुसरीकडे १३ टक्क्यांपर्यंत जातो. गाडीतले कोन बरेच लहान असतात. तिथे चढउतार कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे साडेचार अंशांना तो एक टक्क्याचा तिसरा हिस्साच भरतो. एवढ्याशा चढउताराने काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे; पण तो किती वेळा येतो हे मोजले की चित्र बदलते. चाकाचा घेर २.१ मीटर आणि मागचे गुणोत्तर ४:१ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार) धरले, तर ताशी ६० किलोमीटरला शाफ्ट सेकंदाला सुमारे ३२ फेरे मारतो आणि सांध्याचा हिसका सेकंदाला ६४ वेळा बसतो. ऐकू येणारी गुणगुण ती हीच. बॅलन्सचा दोष फेऱ्याला एकदाच जाणवतो आणि वेगासोबत वाढत जातो. कोनाचा दोष फेऱ्याला दोनदा येतो आणि वेग तोच असतानाही ॲक्सिलरेटर दाबला किंवा सोडला की आपला सूर बदलतो. गाडी गॅरेजला नेण्यापूर्वी मालकाने एवढे जरी ऐकून ठेवले, तरी बॅलन्सिंगचे पैसे वाचतात.

या खोडीवरचा उपाय सांध्यातच आहे. शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिल्याने केलेली चूक दुसऱ्याने तितकीच उलट करावी, म्हणजे हिशेब मिटतो. त्यासाठी दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच रेषेत हवेत. शाफ्ट कापून आखूड करताना वेल्डिंगमध्ये एक योक ९० अंशांनी फिरला, तर चुका वजा न होता त्यांची बेरीज होते. म्हणूनच जाणता मिस्त्री शाफ्ट उघडण्याआधी त्यावर लांबीच्या दिशेने रेघ ओढतो. आमच्या मिस्त्रीने तर मला बजावले होते, “सर, धूळ पुसा, पण ती खडूची रेघ पुसू नका.”

मित्राच्या गाडीचे कोन अखेर मोजले. शाफ्टची लांबी दीड मीटर. मूळ स्थितीत इंजिन व गिअरबॉक्सची रेषा मागे ३ अंश उतरती, शाफ्ट ५ अंश उतरता आणि पिनियनची (हाउजिंगमधल्या, शाफ्टला जोडलेल्या दातेरी दांड्याची) रेषा गिअरबॉक्सला समांतर, म्हणजे पुढचा व मागचा दोन्ही कोन २ अंश. गाडी दोन इंच बसल्यावर शाफ्ट ३.१ अंशांवर आला आणि पुढच्या सांध्याचा कोन जेमतेम ०.१ अंश उरला. दुसरीकडे, मागचे टोक वर गेल्याने पाटा ४.४ अंशांनी कलला आणि त्याने हाउजिंगही फिरवले. पिनियनचे तोंड खाली झुकले आणि मागच्या सांध्याचा कोन ४.५ अंश झाला. पुढची चूक जवळपास शून्य आणि मागची साडेचार अंशांची, मग वजाबाकी कशातून होणार?

इथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. पाटा न कलवता हीच गाडी सरळ चार इंच खाली घेतली असती, तर दोन्ही कोन उलट दिशेने १.९ अंश झाले असते आणि सांधे सुखात राहिले असते. खाली बसवण्याने शाफ्ट नेहमी बिघडतोच असे नाही. या गाडीपुरते दोन इंच हेच नेमके वाईट ठिकाण होते. शून्य कोनही चांगला नसतो; क्रॉसच्या कपातल्या बारीक सुया जागच्या हलत नाहीत, ग्रीस फिरत नाही आणि त्याच त्या जागी भार पडून भुजांवर ओरखड्यांसारखे खड्डे पडतात. एक अंशापेक्षा थोडा जास्त आणि तीन अंशांच्या आत, हा पट्टा वेगाने धावणाऱ्या गाडीला मानवतो.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटखाली १५ मिलिमीटरचे पॅकिंग देऊन त्याची रेषा २ अंशांवर आणली. त्याने शाफ्ट ३.७ अंशांवर आला आणि पुढचा कोन १.७ अंश झाला. मागे पाटा आणि हाउजिंग यांच्यामध्ये अडीच अंशांची लोखंडी पाचर घातली. पाटा हाउजिंगच्या वर असल्यामुळे जाड बाजू मागे ठेवली, म्हणजे पिनियनचे तोंड वर उचलले जाते. ते मुद्दाम एक अंशाने कमीच उचलले, कारण जोर लागताच पाटा पिळतो आणि पिनियन आपोआप वर जाते. म्हणून उभ्या गाडीत २.६ अंश दिसणारा मागचा कोन ओढताना १.७ च्या आसपास येतो. हे सगळे मोजमाप गाडी चाकांवर उभी असताना आणि नेहमीचा भार ठेवून करायचे असते. जॅकवर लटकलेल्या हाउजिंगचा कोन घेऊन केलेले काम वाया जाते.

शाफ्टच्या सरकत्या टोकाचाही हिशेब पाहावा लागतो. दोन इंचांना शाफ्ट तीन-चार मिलिमीटर आत सरकला, ते किरकोळ होते. पण खड्ड्यात पाटे पूर्ण दबले तरी आत सुमारे २० मिलिमीटर जागा उरली पाहिजे, नाहीतर धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो. सेंटर बेअरिंगवाल्या दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये मागचा तुकडा आखूड असल्याने त्याचा कोन लवकर बदलतो. मीटरभर लांबीला चार इंचांत पावणेसहा अंश. तिथे सेंटर बेअरिंगची उंचीही नव्याने बसवावी लागते. आणि गाडीत असा फेरफार करण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ एकदा वाचावे व आरटीओत विचारून घ्यावे, ही सूचना मित्राला कोणी आधी द्यायला हवी होती.

पाचर घातल्यावर गाडी पुन्हा अक्कलकोट रस्त्याला काढली. साठला पत्रा गप्प होता. ऐंशीला मात्र ॲक्सिलरेटर सोडताना किंचित गुणगुण आली. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पाहिले तर पाचर बसल्याने पाटा हाउजिंगला बांधणारे यू-बोल्ट सैल झाले होते. ते आवळले आणि मिस्त्रीने कोन पुन्हा मोजून शाफ्टवरच्या रेघेशेजारी खडूने आकडे लिहून ठेवले.