ड्रिपिंग

ड्रिपिंग : वेपिंगची, म्हणजे ई-सिगारेटमधून वाफ ओढण्याची, एक पद्धत. ई-लिक्विड, म्हणजे वाफ होणारा द्रव, टाकीत न साठवता त्याचे चार-सहा थेंब तापणाऱ्या तारेच्या कॉइलवर आणि तिच्यातून ओवलेल्या कापसावर थेट टाकायचे, होणारी वाफ चार-पाच झुरक्यांत ओढायची आणि कापूस सुकण्याआधी पुन्हा थेंब टाकायचे, एवढाच तिचा गाभा. त्यासाठीच्या उपकरणाला ड्रिपर किंवा आरडीए (रिबिल्डेबल ड्रिपिंग अॅटोमायझर) म्हणतात. अमेरिका, ब्रिटन, युरोप, मलेशिया, फिलिपिन्स इथल्या हौशी वेपरांमध्ये २०१२ नंतरची काही वर्षे या पद्धतीचा मोठा बोलबाला होता. भारतात ई-सिगारेटच्या व्यापारावरच २०१९ पासून बंदी आहे.

नेहमीच्या टाकीवाल्या ई-सिगारेटमध्ये कापसाची टोके द्रवात बुडालेली असतात. केशाकर्षणाने द्रव वर चढत राहतो आणि वापरणाऱ्याला त्याचा विचारही करावा लागत नाही. ड्रिपरमध्ये हा पुरवठा काढून टाकलेला असतो. ते काम माणसाच्या बोटांवर आणि अंदाजावर सोपवलेले असते. चव अधिक ठळक लागते ती यामुळेच, आणि धोके उद्भवतात तेही यामुळेच. समईतले तेल संपले की वातच जळू लागते, तसेच इथे द्रव संपल्यावर कापूस करपतो. नवशिक्याने आधी शिकायची गोष्ट थेंब टाकणे ही नव्हे, तर ते संपत आल्याचे ओळखणे ही आहे.

इतिहास : आधुनिक ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः चिनी औषधनिर्माते होन लिक यांना देतात. त्यांचे उपकरण २००३ मधले. पुढे जगभर पसरलेल्या सुरुवातीच्या नमुन्यांत बॅटरी, अ‍ॅटोमायझर (द्रवाची वाफ करणारा भाग) आणि कार्ट्रिज असे तीन भाग असत. कार्ट्रिजमध्ये द्रवाने भिजवलेला कृत्रिम धाग्यांचा बोळा कोंबलेला असे आणि तो अ‍ॅटोमायझरमधल्या धातूच्या जाळीदार कमानीला टेकून तिला ओले ठेवी. निदान तशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात बोळ्यात द्रव शिल्लक असतानाही कमान कोरडी पडे आणि तोंडात करपट चव येई. वैतागलेल्या वापरकर्त्यांनी कार्ट्रिज काढून फेकली आणि दोन-तीन थेंब सरळ कमानीवर टाकायला सुरुवात केली. ड्रिपिंग जन्मले ते असे, सदोष मालावरचा घरगुती उपाय म्हणून. कार्ट्रिजच्या जागी बसणारी पोकळ नळी, म्हणजे ड्रिप टिप, त्यातूनच आली. ती न काढता वरून थेंब सोडता येत.

त्या काळच्या ५१० नावाच्या नमुन्याची आटेदार जोडणी पुढे जवळपास सर्वमान्य झाली आणि आजही बहुतेक ड्रिपर तिच्यावरच बसतात. यानंतर कॉइल स्वतः गुंडाळून बसवता येईल असे अ‍ॅटोमायझर आले. ग्रीस, फिलिपिन्स, अमेरिका इथल्या छोट्या कारखान्यांत पितळ, तांबे, पोलाद यांचे कातकाम करून ते घडवले जात आणि हौशी मंडळी त्यांचा संग्रह करत. मोठ्यात मोठा वाफेचा लोट कोण सोडतो याच्या स्पर्धाही भरू लागल्या. मूळ गैरसोय दूर करणारी साधी युक्ती एव्हाना शौक झाली होती.

ड्रिपरची रचना : तळाशी धातूची बैठक म्हणजे डेक, तिच्यावर कॉइलची टोके स्क्रूने आवळण्यासाठी खांब. एक खांब बैठकीपासून विद्युतरोधकाने वेगळा केलेला असतो, तो धन. डेकभोवती काही मिलिमीटर खोल खळगा असतो, त्यात कापसाची शेपटे विसावतात आणि जादा द्रव साचतो. वर टोपी, टोपीला हवेची छिद्रे आणि माथ्यावर ड्रिप टिप. छिद्रे खालच्या बाजूला असतील तर चव चांगली येते, पण थेंब जास्त झाले की द्रव त्यांतूनच बाहेर झिरपतो. शिकाऊ माणसाने छिद्रे वरच्या बाजूला असलेला ड्रिपर निवडणे शहाणपणाचे. काही ड्रिपरांची मधली पिन पोकळ असते. खालच्या मॉडमधली, म्हणजे ड्रिपर ज्यावर बसतो त्या बॅटरीच्या उपकरणातली, मऊ बाटली दाबली की द्रव पिनेतून वर येतो. या प्रकाराला स्क्वाँकिंग म्हणतात. हाताने थेंब टाकण्याचा व्याप त्यात वाचतो, अंदाज मात्र आपलाच लागतो.

कॉइल आणि कापूस : कॉइलसाठी कॅन्थल म्हणजे लोह, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची तार सर्वांत सोपी. ती ताठ असते, आकार धरून ठेवते आणि लालबुंद तापवली तरी बिघडत नाही. नायक्रोम लवकर तापते. ३१६एल जातीचे पोलाद तापमान-नियंत्रणावरही चालते, कारण तापल्यावर त्याचा रोध मोजता येईल इतका बदलतो आणि उपकरण त्यावरून उष्णतेचा अंदाज बांधते. कॅन्थलचा रोध जवळपास स्थिर असल्याने तिथे ही सोय नाही. निकेल आणि टायटॅनियमच्या तारा कोरड्या लाल करू नयेत. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊच नये.

उदाहरणादाखल, २६ गेज कॅन्थलचे ३ मिलिमीटर व्यासावर सहा वेढे घेतले तर रोध सुमारे ०.८ ओहम भरतो. अशा दोन कॉइल समांतर जोडल्या की तो निम्मा, म्हणजे ०.४ ओहमच्या आसपास. वेढे समान आणि एकमेकांना चिकटलेले असावेत, कॉइलचा कुठलाही भाग टोपीला किंवा डेकला टेकू नये. मग कापूस न घालता अगदी कमी वॅटवर क्षणभर कळ दाबून पाहतात. कॉइल मधून कडांकडे सारखी उजळली तर ठीक. एखादाच वेढा आधी पेटत असेल तर सिरॅमिक चिमट्याने ती हळूच दाबून वा खरवडून सारखी करतात. धातूचा चिमटा चालू कॉइलला लावला तर शॉर्ट सर्किट ठरलेले. शेवटी मल्टिमीटरवर किंवा मॉडच्या पडद्यावर रोध वाचून घेतात. हा आकडा न पाहता पुढे जाणारा माणूस निष्काळजी म्हणायचा.

कापूस रसायनांनी पांढरा न केलेला असावा. कॉइलमधून ओढताना किंचित अडखळेल, पण तार वाकणार नाही, इतकी त्याची जाडी. फार घट्ट झाला तर द्रव आत शिरत नाही आणि मध्यभाग कोरडा राहतो. फार सैल झाला तर थेंब टाकताच थुंकल्यासारखे गरम तुषार तोंडात उडतात. दोन्ही टोके खळग्याच्या तळाला जेमतेम टेकतील इतकी कापतात. कोंबून ठासत नाहीत. कापूस बसवल्यावर कॉइल कधीही लाल होईपर्यंत तापवायची नाही, कारण तो पेट घेऊ शकतो.

थेंब किती, केव्हा : पहिल्या खेपेला कापूस पूर्ण भिजवावा लागतो आणि त्याला पंधरा-वीस थेंबही सहज लागतात. औषधांच्या ढोबळ हिशेबात २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. दाट ई-लिक्विडचा थेंब बाटलीच्या टोकानुसार लहानमोठा पडतो. नंतर दर खेपेला प्रत्येक कॉइलवर दोन-तीन थेंब पुरतात. ते एकाच जागी न टाकता कॉइलच्या लांबीवर आणि दोन्ही शेपटांवर पसरून टाकायचे. जादा झाले की गुळगुळ आवाज येतो आणि छिद्रांतून चिकट ओघळ उतरतात. अशा वेळी टोपी काढून टिश्यूने टिपून घेणे एवढाच उपाय. कमी पडले की आधी वाफ विरळ होते, मग चव फिकी पडते आणि त्याहीपुढे गेले तर घशाला चटका देणारा करपट झुरका बसतो. त्याला ड्राय हिट म्हणतात. वाफ विरळ होताच थांबणे हीच खरी सवय. करपलेला कापूस पुन्हा भिजवून चव परत येत नाही, तो बदलावाच लागतो.

ई-लिक्विडमध्ये मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पतिज ग्लिसरीन असते, शिवाय स्वाद आणि बहुधा निकोटिन. पहिल्याचा उत्कलनबिंदू सुमारे १८८ अंश सेल्सिअस, दुसऱ्याचा सुमारे २९० अंश. ग्लिसरीन दाट असते आणि त्याचा लोटही दाट येतो, म्हणून ड्रिपरसाठी ७० टक्के किंवा अधिक ग्लिसरीनचे मिश्रण निवडतात. निकोटिनची मात्रा मात्र उतरवावी लागते. छोट्या उपकरणात तोंडात झुरका घेऊन १२ किंवा १८ मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटरचा द्रव वापरणाऱ्याने तोच ड्रिपरवर सरळ छातीत ओढला, तर खोकला, मळमळ आणि गरगरणे वाट्याला येते. इथे ३ मिलिग्रॅम ही रूढ मात्रा आहे, आणि तीही फसवी, कारण ड्रिपरवर दिवसाला १० मिलिलिटर द्रव सहज उडतो. निकोटिनयुक्त द्रव कातडीतूनही शोषला जातो आणि पोटात गेल्यास विषारी ठरतो. ड्रिपिंगमध्ये बाटली सतत उघडीबंद होत असल्याने सांडलवंड जास्त होते. लहान मुले असलेल्या घरात ही बाब कॉइलच्या साऱ्या चर्चेपेक्षा महत्त्वाची आहे.

विजेचा हिशेब : ड्रिपर दोन प्रकारच्या मॉडवर बसतो. नियंत्रित मॉडमध्ये रोध तपासून वीज सोडणारे सर्किट असते आणि काही बिघडले तर ते पुरवठा तोडते. मेकॅनिकल मॉड म्हणजे धातूची नळी, कळ आणि आत बॅटरी. अडवायला मध्ये काहीच नाही. पूर्ण भरलेल्या लिथियम सेलचा दाब ४.२ व्होल्ट. ०.४ ओहमच्या कॉइलमधून १०.५ अँपिअर प्रवाह वाहतो, ०.२ ओहममधून २१ अँपिअर, ०.१ ओहममधून ४२. या कामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या १८६५० आकाराच्या चांगल्या सेलचीही सतत प्रवाह देण्याची क्षमता साधारण २० ते ३० अँपिअर असते. वेष्टनावर छापलेले मोठे आकडे बहुतांशी जाहिरातबाजी. मर्यादा ओलांडली की सेल तापतो, वायू सोडतो आणि बंद नळीत वायूला वाट मिळाली नाही तर फुटतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सेंट पीटर्सबर्ग इथे एका माणसाचा मृत्यू वेपचा स्फोट होऊनच झाला. सेलचे प्लास्टिक वेष्टन फाटले असेल तर तो टाकून द्यायचा, आणि सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात कधीच ठेवायचा नाही. नवशिक्याने मेकॅनिकल मॉड घेऊ नये, याविषयी जाणकारांत फारसे दुमत नाही.

आरोग्य : ड्रिपिंगवरचे संशोधन थोडे आहे, पण दिशा दाखवणारे आहे. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत दोन खेपांमधले झुरके वाढवत नेले, तेव्हा कॉइलचे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले आणि फॉर्माल्डिहाइडसारखी घातक अल्डिहाइडे टाकीवाल्या उपकरणांच्या ज्ञात पातळीपेक्षा खूप जास्त निघाली. म्हणजे धोक्याचे मूळ पुन्हा त्या सुकत चाललेल्या कापसातच. याला प्रतिवादही आहे. ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांच्या गटाने २०१५ मध्ये असे मांडले होते की अल्डिहाइडांची मोठी पातळी करपट झुरक्यातच दिसते आणि असा झुरका असह्य असल्याने माणूस तो टाळतो. युक्तिवादात तथ्य आहे, परंतु करपट चव जाणवायच्या किती आधीपासून विघटन सुरू होते हे जिभेला कळत नाही, आणि दाट गोड स्वाद ते झाकूही शकतात.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी कनेक्टिकटमधील हायस्कूल विद्यार्थ्यांची पाहणी करून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. ई-सिगारेट कधी ना कधी ओढलेल्या १,०८० मुलांपैकी २६.१ टक्के मुलांनी ड्रिपिंग करून पाहिले होते. कारण विचारल्यावर सर्वाधिक, म्हणजे ६३.५ टक्के, उत्तरे दाट लोटासाठी अशी आली, चवीसाठी ३८.७ टक्के. धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांचा उपाय म्हणून ज्याचे समर्थन होते, त्याचे आकर्षण या वयात भलत्याच कारणांसाठी होते. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याने ड्रिपिंग सुरू करण्याला आरोग्याच्या बाजूने एकही कारण देता येत नाही.

सद्यस्थिती आणि कायदा : टाकीची सोय असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. २०१५ नंतर मोठ्या कॉइलच्या टाक्या चवीत ड्रिपरच्या जवळ पोचल्या, पुढे छोटे पॉड (लहान, सुटसुटीत वेप) आणि निकोटिन सॉल्ट (निकोटिनचे क्षाररूप असलेला द्रव) आले आणि ड्रिपिंग हौशी लोकांपुरते उरले. नवे स्वाद चाखून पाहणारे आणि द्रव बनवणारे ते अजून वापरतात. कापूस बदलला की मागची चव उरत नाही, हा त्याचा खराखुरा फायदा. युरोपीय संघाने २०१६ पासून निकोटिनयुक्त द्रवाची बाटली १० मिलिलिटर आणि मात्रा २० मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटर इतकी मर्यादित केली. ड्रिपरवाल्यांना ती बाटली एका दिवसाची. त्यातून ब्रिटनमध्ये शॉर्टफिलची पळवाट निघाली : ६० मिलिलिटरच्या बाटलीत ५० मिलिलिटर निकोटिनरहित द्रव विकायचा आणि गिऱ्हाइकाने १८ मिलिग्रॅमची १० मिलिलिटर कुपी त्यात ओतायची, मिश्रण बरोबर ३ मिलिग्रॅमचे होते.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी संमत झालेल्या अधिनियमाने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात बेकायदा ठरली. द्रवात निकोटिन नसले तरी उपकरण सुटत नाही, कारण व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली दोन्ही येतात. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी वेगळी तरतूद आहे. ओढण्याच्या कृतीला कायद्यात वेगळी शिक्षा नाही, पण आयातीवरच बंदी असल्याने दुबईहून किंवा लंडनहून मुंबई-पुण्याला येणाऱ्या मराठी माणसाने ड्रिपर आणि बाटल्या सामानात घालू नयेत.