नवा रणगाडा आणि नवा केलेला रणगाडा

रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचं एक ठरलेलं वाक्य आहे. वर्षअखेरचा आढावा असो की कारखान्यातून निघालेली एखादी तुकडी असो, सैन्याला अमुक इतकी ‘नवी आणि आधुनिक केलेली’ सामग्री मिळाली, असं ते सांगतात. आपल्याकडे बातमी पोचेपर्यंत ‘आणि’च्या पुढचं गळून पडतं. पडद्यावर टी-७२बी३ या नव्या केलेल्या रणगाड्याचं चित्र येतं आणि खाली पट्टी फिरते: ‘रशियाचे नवे रणगाडे’. मग दुसरा गट चवताळून उठतो की रशियाकडे आहे ते सगळं सोव्हिएत भंगार. वर्षानुवर्षं हेच चाललंय, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

एसटीच्या दापोडी कार्यशाळेत जुन्या चासीवर नवी बॉडी चढवतात. गाडी चकचकीत दिसते, आसनं नवी, रंग नवा. पण ती आल्याने आगारातल्या गाड्यांची संख्या वाढत नाही, कारण तीच गाडी आधी आगारातून कार्यशाळेत गेलेली असते. एवढं ज्याला कळलं त्याला पुढचं निम्मं कळलं.

टी-७२ म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. आपल्या लष्करात तो ‘अजेय’ नावाने कित्येक वर्षं आहे, आणि चिलखती दलाचं केंद्रच नगरला असल्यामुळे नगरकरांना मी काय शिकवणार? बी, बी३, बी३एम या शेपट्यांवरही लोक तासन्‌तास भांडतात, भांडू देत. टी-९० हा मुळात टी-७२चाच धाकटा भाऊ आहे, विकासकाळात त्याचं नाव टी-७२बीयू होतं आणि १९९२ मध्ये तो टी-९० झाला, हेही लक्षात ठेवलं की पुरे. १९९१च्या आखाती युद्धात इराकी टी-७२ जळताना जगाने पाहिले होते. त्यानंतर नाव बदलणं सोयीचंच होतं.

आता बी३ जवळून पाहू. सैन्याला तो २०१३ पासून मिळू लागला. ऐंशीच्या दशकातला टी-७२बी साठवणीतून काढायचा, उरलमधल्या निझनी तागीलला उरलवागोनझावोदच्या कारखान्यात न्यायचा, पूर्ण उघडायचा. त्यात नवी तोफ बसते, नवा रेडिओ बसतो, ‘सोस्ना-यू’ ही थर्मल साइट (उष्णतेवरून अंधारातही लक्ष्य दाखवणारी नेमयंत्रणा) बसते. सुरुवातीच्या गाड्यांत ८४० अश्वशक्तीचंच इंजिन ठेवलं, पुढच्या आवृत्तीत ११३० अश्वशक्तीचं आलं. म्हणजे बदल दिखाऊ नाही. रात्रीच्या अंधारात दूरचं लक्ष्य दिसणं आणि न दिसणं यात जगण्या-मरण्याचा फरक असतो.

पण सोस्ना-यू बसली कुठे? जुनी दिवसाची साइट होती तिथेच ठेवली आणि नवी तिच्या डावीकडे, जिथे पूर्वी रात्रीची साइट होती तिथे घातली. तोफचालकाचं आसन जुन्या साइटसमोर. त्यामुळे मुख्य साइटमधून बघायला त्याला डावीकडे कलून बसावं लागतं. जुन्या घरात नंतर काढलेल्या स्वयंपाकघराच्या ओट्यासारखं हे आहे: ओटा छान, पण उभं राहायला जागा नाही. कमांडरला स्वतःची फिरती थर्मल साइट बहुतेक बी३ मध्ये नाहीच. टी-९०च्या सुधारित आवृत्तीत, म्हणजे टी-९०एममध्ये, ती आहे. उलट्या गिअरचा वेग ताशी ४ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चालत्या माणसाइतका. मागे सरकायची वेळ आली की चालकाला गाडी वळवून शत्रूला पाठ दाखवावी लागते. आणि गोळे? २२ गोळ्यांचं गोल चाक टरेटखाली (तोफेच्या फिरत्या घुमटाखाली), सैनिकांच्या पायाशी, शिवाय काही गोळे आजूबाजूला. ते पेटले की टरेट उडतं. युक्रेनमधली ती दृश्यं सगळ्यांनी पाहिली आहेत. यातलं काहीही साइट बदलून बदलत नाही. रणगाड्याचं धड तयार झालं त्या दिवशीच ते ठरून गेलं.

तरीही माझा मुद्दा ‘जुनं ते वाईट’ हा नाही. टी-९०एमच्या पोटातही तेच चाक आहे आणि मागे जायला तोही तितकाच मंद. त्याचे बाकीचे काही गोळे टरेटच्या मागच्या वेगळ्या पेटीत हलवले, एवढी सुधारणा नक्की. खरी गोची आकड्यांत आहे, आणि तिथेच भलेभले घसरतात. नवा रणगाडा तयार होतो तेव्हा देशाच्या हिशोबात बेरीज होते. नवा केलेला रणगाडा तयार होतो तेव्हा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम जाते: साठवणीत एक कमी, पलटणीत एक जास्त. ज्या दिवशी साठवणीच्या मैदानातली उघडता येण्याजोगी धडं संपतील, त्या दिवशी ही ‘निर्मिती’ही संपेल, कारखाना कितीही कार्यक्षम असो. ओम्स्कच्या कारखान्यातून टी-८०बीव्हीएम बाहेर पडतात ते जुन्या टी-८०वरचेच. २०२२ मध्ये तर चिता प्रांतातल्या आतामानोव्काच्या दुरुस्ती कारखान्यात टी-६२ उघडायला घेतले. मुद्दलात हात घातल्याशिवाय १९६१चं डिझाइन कोण बाहेर काढेल?

म्हणून ‘रशियाने वर्षभरात इतके रणगाडे बनवले’ असा आकडा दिसला की मी पहिल्यांदा बघतो, दोन्ही प्रकार एकाच टोपलीत टाकलेत का. बहुतेक वेळा टाकलेले असतात, आणि तेही सरकारी आशीर्वादाने. मे २०१२च्या अध्यक्षीय हुकमात २०२० पर्यंत ७० टक्के सामग्री ‘आधुनिक’ करण्याचं लक्ष्य होतं, त्यामागे सुमारे २० लाख कोटी रूबलचा कार्यक्रम होता, आणि डिसेंबर २०२० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री सेर्गेई शोइगूंनी लक्ष्य गाठल्याचं जाहीर केलं. त्या ‘आधुनिक’ शब्दात ताजं सुखोई आणि उघडून बंद केलेला टी-७२ शेजारी शेजारी बसतात. हा शब्द ज्याने निवडला तो हुशार माणूस.

अर्माटा या पूर्ण नव्या रणगाड्याबद्दल विचारू नका. ७ मे २०१५ रोजी संचलनाच्या तालमीत तो लाल चौकात बंद पडून उभा राहिला, आणि २०२० पर्यंत २३०० करण्याची मूळ योजना कागदावरच राहिली. नव्या टोपलीतला तो सर्वात नवा, आणि मोजायला सर्वात सोपा.

हवेत चित्र वेगळं. रशियाने खरोखर नवं बनवलं ते इथे: सु-३४, सु-३५एस, सु-३०एसएम ही लढाऊ विमानं. यातला शेवटचा तर आपल्यासाठी बनलेल्या सु-३०एमकेआयवरून निघाला, तोच जो नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये तयार झाला. गिऱ्हाइकासाठी शिवलेला कोट शिंप्याला आवडला, असा प्रकार. याउलट मिग-३१बीएम हे जुन्या मिग-३१वरून सुधारलेलं लढाऊ विमान: मिग-३१चं उत्पादन १९९४ मध्येच बंद पडलं, त्यामुळे रडार कितीही नवं घातलं तरी पडलेल्या विमानाची जागा भरायला नवं विमान येणार नाही.

सगळ्यात लबाड नाव मात्र टीयू-१६०एम. सोव्हिएत काळात बनून नंतर सुधारलेलं बॉम्बर विमानही ‘एम’, आणि कझानला शून्यातून बनवलेलंही ‘एम’. मध्ये एक तिसरा प्रकार: जानेवारी २०१८ मध्ये उडालेलं ‘प्योत्र देइनेकिन’, जे सोव्हिएत काळापासून पडून असलेल्या भागांतून पुरं केलं. खरोखरचं नवं पहिलं विमान १२ जानेवारी २०२२ला उडालं, आणि त्यासाठी पंखांच्या मधला टायटेनियमचा सांगाडा निर्वात कक्षात इलेक्ट्रॉन किरणांनी जोडण्याचं विसरत चाललेलं कसब पुन्हा उभं करावं लागलं. नव्या आणि नव्या केलेल्यातलं अंतर मोजायचं तर ते त्या वेल्डिंगच्या कक्षात मोजावं.

समुद्रावर तर माझं मत अगदी ठाम आहे: मोठं जहाज नवं करायला घेऊ नये. रणगाडा उघडला की आत काय निघेल ते माहीत असतं, कारण तसे हजारो उघडून झालेले असतात. जहाज उघडलं की जुना वाडा उघडल्यासारखं, एक तुळई काढली की शेजारची कुजलेली दिसते. ‘ॲडमिरल नाखिमोव्ह’ ही मोठी युद्धनौका १९९९ मध्ये सेवेरोद्विन्स्कला गोदीत गेली, आणि पुन्हा समुद्रात चाचणीला निघायला २०२५ उजाडलं. ‘कुझ्नेत्सोव्ह’ या विमानवाहू जहाजाच्या नशिबी २०१८ मध्ये तरंगती गोदी बुडणं, डेकवर क्रेन कोसळणं आणि २०१९ मध्ये आग लागणं आलं. आपणही हा धडा पैसे मोजून शिकलो: ‘विक्रमादित्य’चा २००४चा सौदा सुमारे ९७ कोटी डॉलरचा होता, तो २३५ कोटींवर गेला आणि जहाज मिळालं नोव्हेंबर २०१३ मध्ये. (तिचं जुनं नाव ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’. याच नावाचं रशियाचं आताचं फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, ही पूर्णपणे वेगळी, नवी बांधलेली नौका आहे. कृपा करून एकीच्या बातमीला दुसरीचा फोटो लावू नका.)

मग रशिया नवीच फ्रिगेटं का बांधत नाही? बांधतो. पण गॅस टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाइव्हमधून यायची, आणि २०१४ नंतर ती बंद झाली. काळ्या समुद्रासाठी ठरलेल्या ११३५६ वर्गाच्या सहांपैकी तीन नौकांना इंजिनं मिळाली, बाकीची धडं कालिनिनग्राडच्या यांतर गोदीत अडकली. त्यातली दोन भारताने घेतली, टर्बाइन युक्रेनकडून आपणच मिळवून दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ‘तुशील’, तर जुलै २०२५ मध्ये ‘तमाल’ नौदलात दाखल झाली. ‘तुशील’चा कणा १२ जुलै २०१३ला ‘ॲडमिरल बुताकोव्ह’ या नावाने घातला होता. दाखल होताना धड अकरा वर्षांचं, मग ती नवी की नवी केलेली? मी तिला नवीच म्हणतो, कारण ती कुठल्याही ताफ्यातून वजा झालेली नव्हती.