सीमाभागातून कॉलेज प्रवेश: दोन राज्यांचे फॉर्म आणि घरात नसलेले कागद

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एक बाई मुलाचे कागद घेऊन आल्या होत्या. दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड, लाईट बिल, मुलाचं लसीकरणाचं कार्ड आणि आधारच्या सहा झेरॉक्स होत्या. लागणारा कागद मात्र त्यात नव्हता. मुलगा दहावीपर्यंत महाराष्ट्रात चंदगडला मावशीकडे शिकला, अकरावी-बारावी बेळगावात. कर्नाटक सीईटीच्या फॉर्मवर सायबरवाल्याने पात्रतेच्या 'ए' कलमावर टिक मारून दिली होती. या कलमाला मुलाचं कर्नाटकात सात वर्षं शिक्षण लागतं, आणि याचं झालं होतं दोन वर्षं.

त्यांना विचारलं, "वहिनी, तुमची शाळा कुठली?" त्या लाजल्या. "माझी कसली शाळा, सातवी झालीय. नंदगडला, मराठी शाळेत."

सातवी म्हणजे सात वर्षं. त्यांना कमी वाटणारं तेच शिक्षण मुलाच्या कामाला येणार होतं.

दरवर्षी फॉर्म असेच परत येतात म्हणून हे लिहितोय. मुलं अभ्यास करतात, क्लासला जातात, मार्क आणतात, आणि सीट अडते ती कागदावर. कागद गोळा करणं हे आई-बापाचं काम आहे. सीमाभागात ते दुप्पट असतं, कारण आपली मुलं कर्नाटकाचाही फॉर्म भरतात आणि महाराष्ट्राचाही. निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्यांची गाडी हमखास चुकते. अकरावीच्या दिवाळीत सुरुवात करा.

कर्नाटकाची बाजू

इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएस्सी ॲग्री वगैरेंची सीईटी केईए (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) घेते. ऑनलाइन फॉर्म, फी, हॉल तिकीट हे सगळं सरळ आहे, मुलं मोबाईलवरही करतात. इंजिनिअरिंगची रँक बारावीचे पीसीएमचे (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) मार्क ५० टक्के आणि सीईटीचे ५० टक्के धरून लागते. तेव्हा "सीईटी मारली की झालं" म्हणून बोर्डाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष करू देऊ नका.

अडतं ते पात्रतेच्या कलमात. 'ए' कलमाप्रमाणे पहिली ते बारावीमध्ये किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकात शिकलेली असावीत आणि दहावी किंवा बारावी इथून पास झालेली असावी. ही सात वर्षं सलगच हवीत असं नाही. दहावीपर्यंत बेळगावात शिकून बारावीला कोल्हापूर किंवा सांगली गाठलेल्या मुलाला उगाच भीती असते. दहावी इथली आणि सात वर्षं भरलेली असतील तर काळजी नको. उलट केस अवघड. शाळा पलीकडे महाराष्ट्रात झाली आणि फक्त पीयूसी (अकरावी-बारावी) इथे, तर 'ए' लागू होत नाही. तिथे 'बी' कलम: मुलाने अकरावी-बारावी कर्नाटकात केलेली असावी आणि आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचं किमान सात वर्षं शिक्षण कर्नाटकात झालेलं असावं.

आणि हाच तो कोणाकडेच नसलेला कागद. स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला किती आई-बापांकडे असतो? आईचा तर माहेरच्या नावाने असतो. त्या वहिनींचे मालक चौथीत शाळा सोडलेले, त्यामुळे सगळी मदार वहिनींवर. नंदगडला जाऊन जुनं रजिस्टर काढायला लावलं. पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नाव, वडिलांचं नाव आणि पहिलीपासूनच्या नोंदी शाबूत. हेडमास्तरांनी उतारा दिला. मग बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची प्रतिसही. मग माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं हे दाखवायला प्रतिज्ञापत्र. दोन आठवडे आणि चार फेऱ्या. एका फेरीला "साहेब मीटिंगला गेलेत", दुसऱ्या फेरीला शिक्का असलेलं कपाट बंद. बाईंनी रोजगार बुडवून या फेऱ्या मारल्या हे मला अजून खटकतं.

तुमचा मुलगा 'ए' मध्ये बसत असला तरी शाळेचा अभ्यास-दाखला बीईओची प्रतिसही घेऊन ठेवा. आणि कोणत्या बीईओकडे जायचं ते आधी बघा: आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, त्यांच्या हद्दी तुमच्या डोक्यातल्या तालुक्याशी जुळतीलच असं नाही. मुलाचा सॅट्स नंबरही (सरकारी विद्यार्थी-नोंदणीतला नंबर) शाळेतून घ्या. त्यात वर्ग, माध्यम किंवा गाव चुकीचं असेल तर दुरुस्ती शाळेतूनच होते. फॉर्म भरताना ते लक्षात आलं तर फार उशीर झालेला असतो.

ग्रामीण कोटा

याबद्दल मराठी घरांत एक गैरसमज आहे: "तो कन्नड माध्यमवाल्यांचा." असं नाही. ५ टक्के आरक्षण कन्नड माध्यमाचं, ते आपल्याला नाही. ग्रामीण आरक्षण १५ टक्के आहे आणि ते शाळा कुठे होती यावर ठरतं. माध्यम मराठी असलं तरी हरकत नाही. अट एकच, पण कडक: पहिली ते दहावी, दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत. घर गावात असून भागत नाही. गावातली शाळा सातवीपर्यंत, मग आठवीला खानापूरला बसने, असं झालं की हक्क गेला, कारण खानापूर नगरपंचायत आहे. शेवटची तीन वर्षं शहरी धरली जातात. हे ऐकून बापाचा चेहरा उतरतो, पण खोटा दाखला जोडून पुढे तपासणीत सीट घालवण्यापेक्षा बरं. जनरल मेरिटमधल्या (खुल्या गटातल्या) मुलांना ग्रामीण दाखल्यासोबत तहसीलदाराचा उन्नत गटात (क्रीमी लेयरमध्ये) नसल्याचा दाखलाही लागतो. हा दुसरा कागद जवळजवळ प्रत्येक जण विसरतो.

३७१जे च्या (कल्याण कर्नाटकासाठीच्या खास आरक्षणाच्या) रकान्याला हात लावू नका. तो बिदर, कलबुर्गी, रायचूर, यादगीर, कोप्पळ, बळ्ळारी, विजयनगर या बाजूचा आहे. भालकी-बसवकल्याणच्या मराठी मुलांना तो लागू, बेळगावच्या नाही.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (तहसीलदाराच्या हाताखालच्या महसूल कार्यालयातून) काढायचा. त्यावर आरडी नंबर असतो, फॉर्ममध्ये तोच टाकायचा. इथे घोटाळा होतो तो स्पेलिंगचा. दाखला कन्नडमध्ये, मार्क्सकार्ड इंग्रजीत, आधार तिसऱ्याच तऱ्हेने. एकाच घरात थोरल्याचं आडनाव एका स्पेलिंगचं, धाकट्याचं दुसऱ्या स्पेलिंगचं, आणि बापाचं नाव कुठे पुढे, कुठे मागे. दहावीचं मार्क्सकार्ड हा मूळ कागद समजा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. त्यातलंच चुकलं असेल तर बोर्डाकडून दुरुस्तीला बरेच महिने जातात, म्हणून अकरावीतच बघा. बेल्गाम आणि बेळगावी यावरून घाबरू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, जुन्या कागदावर जुनंच राहणार.

दाखला अर्ज केल्यावर किती दिवसांत येईल? तीन आठवडे धरून चला. "परवा शेवटची तारीख आहे" म्हणून खिडकीवर उभं राहून उपयोग होत नाही, तिथल्या माणसाची परवा वेगळी असते.

महाराष्ट्राची बाजू

इथे जास्तीत जास्त मुलं चुकतात, आणि चूक फुकटची आहे. एमएचटी-सीईटीनंतर इंजिनिअरिंगचे प्रवेश कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) होतात. कॅपच्या फॉर्ममध्ये उमेदवारीचा प्रकार निवडायचा असतो: ए, बी, सी, डी, ई. आपल्यासाठी 'ई' आहे. दहावी किंवा बारावी महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून पास झालेला, मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी. पत्त्यात कर्नाटक दिसलं की सायबरवाला 'महाराष्ट्राबाहेरचा' टाकतो आणि मूल राज्याच्या सीटांबाहेर जातं. काही जण उलट, नातेवाइकाच्या पत्त्यावर 'ए' (महाराष्ट्रातलाच) टाकतात. ते तर तपासणीत पहिल्याच दिवशी पडतं.

'ई'साठी दोन नमुने: प्रोफॉर्मा जी-१, म्हणजे मुलगा सीमाभागातला आहे याचा दाखला, आणि जी-२, म्हणजे मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्ही माहितीपत्रकात छापलेले असतात, त्याच शब्दांत हवेत. लेटरहेडवर आपल्या शब्दांत लिहून आणलेलं चालत नाही. कोणाची सही हवी ते नमुन्यातच असतं. ते वाचा, शेजाऱ्याला विचारू नका.

जी-१ ची कटकट वेगळी. कर्नाटक सरकार सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल अंतिम मानतं, सीमाभाग विवादित आहे हेच त्याला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून चालू आहे. तेव्हा 'विवादित' हा शब्द असलेल्या कागदावर इथला अधिकारी आनंदाने सही करेल अशी अपेक्षा धरू नका. एका कार्यालयात माझ्यासमोर एका बापाला सांगितलं गेलं, "असा भाग आमच्याकडे नाही." बाप म्हणाला, "साहेब, मी तिथंच राहतो." सही मिळाली नाही. असं झालं तर भांडत बसू नका, नमुन्यातला दुसरा सक्षम अधिकारी कोण ते बघा आणि लवकर निघा. तारीख तुमच्या भांडणासाठी थांबत नाही. आणि महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे, अख्ख्या जिल्ह्यावर नाही. तुमचं गाव यादीत आहे का ते आधी खात्री करा.

जी-२ सोपा वाटतो, पण शाळेच्या दप्तरात मातृभाषेचा रकाना काय म्हणतो ते पाहिलंय का? इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेश घेताना कोणीतरी घाईत 'कन्नड' लिहिलेलं असतं. घरी आजी ओव्या म्हणते, दप्तरात मूल कन्नड. इंग्रजी माध्यमामुळे हक्क जात नाही. मातृभाषा मराठी नोंदलेली असली की झालं.

कर्नाटकाचा ३बी (मराठा समाज ज्यात येतो तो तिथला मागासवर्गीय गट) दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी चालत नाही. मराठा समाज कर्नाटकात कोणत्या यादीत आहे ते कर्नाटकाच्या कायद्यावर, महाराष्ट्रात कोणत्या यादीत ते महाराष्ट्राच्या. एकाचा कागद दुसऱ्याकडे नेऊन हुज्जत घालण्यात आठवडा जातो.

परीक्षेचा फॉर्म आणि प्रवेशाचा फॉर्म हे दोन वेगळे आहेत. सीईटी लिहिली, पर्सेंटाइल आलं, आता कॉलेज फोन करेल म्हणून थांबलेलं घर मी पाहिलंय. कॅपची नोंदणी, कागद अपलोड करणं, तपासणी आणि पसंतीक्रम ही सगळी कामं आपणच करायची. नीटचंही तसंच: नीट एनटीए (केंद्राची परीक्षा संस्था) घेते, पण कर्नाटकाच्या सीटसाठी केईएकडे आणि महाराष्ट्राच्या सीटसाठी सीईटी सेलकडे वेगळी नोंदणी करावी लागते.

नीटमध्ये मराठी प्रश्नपत्रिका हवी असेल तर परीक्षा केंद्र महाराष्ट्रात निवडावं लागतं. बेळगाव केंद्र टाकलं की मराठीचा पर्यायच येत नाही. पण थांबा. ज्या मुलाने दोन वर्षं फिजिक्स-केमिस्ट्री इंग्रजीत घोकलंय, त्याला परीक्षेच्या हॉलमध्ये 'जडत्व आघूर्ण' वाचायला लावण्यात अर्थ आहे का, हे मुलालाच विचारा. एमएचटी-सीईटीतही गणित इंग्रजीतच येतं.

पसंतीक्रमाची रात्र

ऑप्शन एंट्री बापाने भरली आणि मुलीला कळलंच नाही, असं दरवर्षी होतं. बेळगावात व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) मुख्यालय आहे, कॉलेजं आहेत, मुलगी घरातून जाऊन येईल हे आईला बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण यादी मुलीसमोर बसून करा. तिने पुण्याचं नाव वर ठेवलं आणि तुम्ही रात्री अकरा वाजता खाली सरकवलं, तर चार वर्षं तुम्हीच ऐकून घ्याल.

कर्नाटकात सीट लागल्यावर चार चॉइस येतात. पहिला: सीट घेतो, पुढच्या फेरीत जात नाही. दुसरा: सीट ठेवतो, पण वरची मिळाली तर हवी. तिसरा: ही नको, पुढच्या फेरीत भाग घेतो. चौथा: बाहेर पडतो. घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्यात होतो. तिसरा दाबला की हातातली सीट गेली, पुढे काही मिळेल याची हमी नाही. एका मुलाच्या वडिलांनी "तीन म्हणजे जास्त चांगला असणार" म्हणून तोच दाबला होता. महाराष्ट्रात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते आपोआप पक्कं होतं, म्हणून एक नंबरला खरोखर हवं तेच टाका. गंमत म्हणून टाकायची ती जागा नाही.

शेवटी मोबाईल नंबर. फॉर्ममध्ये सायबरवाल्याचा नंबर देऊ नका. त्याच्याकडे शंभर मुलांचे ओटीपी येतात, आणि तो जूनमध्ये जेवायला घरी गेला की तुमची सीट तासभर त्याच्या खिशात असते. बापाचा नंबर द्या, सिम वर्षभर चालू ठेवा, आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर मुलाच्या हाताने लिहून घ्या. त्या वहिनींनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, गॅस सिलिंडर आणल्याच्या तारखेखाली.