सिझरमधली ओढ वेगळी, सिझरमधलं दुखणं वेगळं

पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी आली की जळगाव-धुळ्याकडे शेजारच्या बायका हमखास धीर देतात, "सिझरमा काही समजत नही." धीर चांगला आहे, पण माहिती अर्धवट आहे. कमरेत इंजेक्शन देऊन सिझर करतात तेव्हा बाई जागी असते आणि तिला बरंच काही कळतं. ओढ आणि दाब कळणारच. दुखणं मात्र कळता कामा नये. हा फरक आधी माहीत नसेल तर दोन प्रकारे घोळ होतो. एखादी नुसत्या ओढीनेच घाबरून जाते. दुसरी खरोखर दुखत असताना "असंच असेल" म्हणून दात आवळून पडून राहते. आम्हाला जास्त काळजी या दुसरीची वाटते.

ओढ का कळते, ते आधी बघू. मणक्याच्या पाण्यात साधारण 2 मिली औषध सोडतात. दुखणं आणि गारवा मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा बारीक असतात, त्या लवकर बंद पडतात. दाब आणि हालचाल सांगणाऱ्या जाड नसा तितक्या पुऱ्या बंद होत नाहीत. दात काढताना हिरडी बधिर असते, तरी चिमट्याचा जोर जबड्यात कळतोच, तसंच हे. धान्याच्या कोठीत कोणी खोलवर हात घालून चाळवाचाळव करावी, तसं पोटात वाटतं.

सगळ्यात जास्त दाब बाळ बाहेर काढताना येतो. त्या वेळी मदतनीस डॉक्टर छातीच्या खालून पोट जोरात दाबतात. श्वास कोंडल्यासारखा होतो, पण हे थोडाच वेळ चालतं. नंतर टाके घालण्यासाठी काही डॉक्टर गर्भाशय पोटाबाहेर घेतात. तेव्हा ओढ पार छातीपर्यंत जाते आणि मळमळतं. मळमळ बीपी उतरल्यानेही होते, म्हणून लगेच सांगा. सलाईन आणि औषधाने ती आवरते. थंडी वाजून दातावर दात आपटले तर तो ताप नव्हे. बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी ऑपरेशन थिएटरमध्ये असं कुडकुडायला होतं.

दुखण्याची जात वेगळी. ते टोचतं, चिरतं, जळजळतं आणि बहुतेक वेळा बोट ठेवून दाखवता येतं: "इथे, डाव्या बाजूला." ओढ येते-जाते, दुखणं त्याच जागी राहतं किंवा वाढत जातं. पण खूण पटवत बसू नका. ओढसुद्धा सोसवेनाशी झाली, तर ती दुखणंच समजून सांगायची.

कापण्याआधी भूल तपासतात, तिथेच पुष्कळ काही ठरतं. भूलतज्ज्ञ स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला लावतात, तिथे गार लागतं. मग तोच बोळा पोटावरून वर वर नेतात आणि विचारतात, "असंच गार लागतंय का?" भूल स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढलेली हवी, आणि दोन्ही बाजूंना सारखी. इथे घाईने "हो, हो, झालं" म्हणू नका. गार कळेनासं झालं तरी तिथला स्पर्श अजून शाबूत असू शकतो. म्हणून नुसता हात लावलेला कळतोय का, हेही सांगा.

भूल कमी पडण्याची कारणं साधी असतात. औषध पुरेसं वर चढत नाही, एकाच बाजूला बसतं, किंवा ऑपरेशन लांबतं. आधीच्या सिझरमुळे आतले पडदे चिकटलेले असले की सोडवायला वेळ जातो, आणि औषधाचा जोर दीड-दोन तासांत ओसरू लागतो. सुरीआधी लक्षात आलं तर इंजेक्शन पुन्हा देता येतं. मध्येच दुखलं तर डॉक्टर हात थांबवतात. शिरेतून वेदनाशामक देता येतं, टाक्यांच्या जागी सुन्न करणारं औषध टोचता येतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पूर्ण भूल देता येते. पण हे तुम्ही बोललात तरच. "दुखी ऱ्हायनं" म्हणा, पावरीत म्हणा, भिलीत म्हणा. शब्द सुचला नाही तर बोटाने जागा दाखवा. "थोडं सहन करा" असं उत्तर आलं तर पुन्हा, मोठ्याने सांगा.

खांदा दुखला तर मात्र गोंधळ उडतो. कापलंय ओटीपोटात आणि ठणकतोय खांदा! रक्त किंवा गर्भजल श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याखाली, साचलं की असं होतं, कारण श्वासपटलाची आणि खांद्याची नस मानेत एकाच ठिकाणाहून निघते. भूल तिथवर पोचलेली नसते. याचा अर्थ भूल फसली असा नाही, तरी सांगायचंच. त्यालाही औषध आहे.

श्वासाचंही तसंच. छातीचे स्नायू बधिर झाले की श्वास आत जातोय हे कळत नाही, जीव घाबरा होतो. तुम्ही नीट बोलू शकताय आणि मूठ घट्ट आवळता येतेय, तर बहुधा काळजीचं नाही. आवाज बारीक झाला, बोटांना मुंग्या आल्या किंवा मूठ ढिली पडली, तर भूल जास्त वर चढतेय. हे त्याच क्षणी सांगा.

सिझरमध्ये दुखलं असेल तर दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांना कारण विचारा आणि ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. पुढचं ऑपरेशन कोणतंही असो, तो कागद भूलतज्ज्ञांना आधी दाखवा.