विलीनीकरण की संघ? हौशी रेडिओ क्लब एकत्र येतात तेव्हा

सभासद कमी होऊ लागले की शेजारच्या दोन हौशी रेडिओ क्लबांमध्ये (परवाना घेऊन छंद म्हणून बिनतारी संपर्क साधणाऱ्यांच्या मंडळांमध्ये) एकत्र येण्याची चर्चा सुरू होते, आणि ‘एकत्र येणे’ या एकाच शब्दात दोन अगदी वेगळ्या व्यवस्था मिसळून जातात. विलीनीकरणात किमान एक क्लब कायमचा संपतो. संघ स्थापन केल्यास दोन्ही क्लब शाबूत राहतात आणि ठरावीक कामांपुरते परस्परांना बांधून घेतात. ज्यांनी आयुष्याची तीस-चाळीस वर्षे एका क्लबच्या कॉल साइनसाठी, म्हणजे हवेवरच्या त्याच्या अधिकृत संकेतनावासाठी, खर्ची घातली, त्यांच्यासाठी हा फरक मुळीच किरकोळ नाही. म्हणून तो मतदानाआधी स्पष्ट व्हायला हवा.

विलीनीकरणानंतर एकच घटना, एकच सर्वसाधारण सभा आणि एकच कार्यकारिणी उरते. मात्र विसर्जित क्लबची मालमत्ता कोणाकडे जाईल, हे त्याच्या घटनेतील विसर्जनाचे कलम आणि तेथील कायदा ठरवतात. कॉल साइनचेही तसेच आहे. अनेक देशांत क्लबच्या कॉल साइनची जबाबदारी एखाद्या परवानाधारक सभासदावर असते, त्यामुळे क्लब संपताना ती परत करायची की नव्या संस्थेच्या नावे मागायची, याची तजवीज आधीच करावी लागते.

खरी कसोटी लागते ती रिपीटरच्या बाबतीत. संदेश दूरवर पोहोचवणारा रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर तेच पुन्हा प्रक्षेपित करतो. दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात या दोहोंतील अंतर सहसा फक्त ६०० किलोहर्ट्झ असते, आणि एकाच अँटेनावर हे साधायचे तर काटेकोरपणे जुळवलेला डुप्लेक्सर, म्हणजे येणारे आणि जाणारे संकेत वेगळे ठेवणारी गाळणी, लागतो. कागदोपत्री यंत्र एका दिवसात हस्तांतरित होते. ते जुळवण्याचे कसब मात्र क्लबातील एक-दोघांकडेच असते, आणि विलीनीकरणामुळे दुखावून तेच बाजूला झाले तर नव्या क्लबच्या हाती नुसता सांगाडा उरतो.

संघ कसा चालतो, याचे या छंदातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १९२५ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली ‘इंटरनॅशनल अमॅच्युअर रेडिओ युनियन’. तिच्या सभासद व्यक्ती नसून राष्ट्रीय संस्था आहेत. प्रत्येक संस्था आपली वर्गणी आणि आपल्या निवडणुका स्वतःच सांभाळते, पण वारंवारतांच्या वाटपाच्या जागतिक वाटाघाटींत हौशींची बाजू एकत्रितपणे मांडली जाते. १९७९ च्या जिनिव्हा परिषदेत हौशींना १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे पट्टे मिळाले, त्यामागे हीच एकजूट होती. दोन लहान क्लबांनाही हीच रीत लागू पडते: मैदानात तात्पुरते केंद्र उभारून चालणाऱ्या २४ तासांच्या ‘फील्ड डे’साठी एक जनरेटर, परवाना परीक्षेच्या तयारीसाठी एक वर्ग, आणि दुव्याने जोडलेले दोन रिपीटर. रिपीटर जोडलेले पाहून क्लबच एक झाले, असा समज बाहेरच्यांचा सहज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक रिपीटर आपापल्या क्लबच्याच परवान्याखाली चालू असतो.

तरीही संघ हा सौम्य पर्याय म्हणून सर्वत्र योग्य ठरतो, असे मला वाटत नाही. तो उपकरणांची आणि खर्चाची अडचण दूर करतो, माणसांची नाही. ज्या दोन क्लबांना स्वतःसाठी सचिव आणि खजिनदार मिळत नाहीत, त्यांनी संघ केला तर त्याच थकलेल्या पाच-सहा जणांना तिसरी समितीही चालवावी लागते. अशा ठिकाणी विलीनीकरणच प्रामाणिक उपाय आहे, कारण त्याने पदांची संख्या निम्म्यावर येते. उलट पदाधिकारी पुरेसे असतील आणि केवळ अँटेनाच्या मनोऱ्याचे भाडे परवडत नसेल, तर त्यासाठी क्लब विसर्जित करणे अनाठायी आहे.

संघातून ठराव करून बाहेर पडता येते. विसर्जित झालेला क्लब मात्र पुन्हा नव्यानेच स्थापावा लागतो. म्हणून दोन्हींपैकी काहीही ठरले, तरी सामायिक रिपीटरचे वीजबिल कोण भरणार आणि त्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे राहणार, हे पहिल्याच करारात लिहून ठेवावे.